मोहरी, खाऊ नये

अमरावतीत भाड्याच्या घरात राहायला गेलो, त्याच्या चौथ्याच दिवशी मी घरमालकांच्या मागच्या प्लॉटातली मोहरीची भाजी खुडून आणली. चोरून नाही, तेवढी हिंमत माझ्यात नाही. मी रीतसर विचारायला गेलो होतो. घरमालक घरी नव्हते आणि भाजी मात्र होती. कंबरेएवढी, कोवळी, कोणी हात न लावलेली. नव्या बायकोला काही आणून दाखवण्याची संधी मला आयुष्यात फार मिळालेली नाही. टॉवेल भरून खुडली. बायकोनं मोर्शीहून, माहेरून, एक लोखंडी कढई आणली होती. ती त्या दिवशी पहिल्यांदा गॅसवर चढली.

लसणाची फोडणी बसली आणि दारात घरमालक उभे राहिले. सत्तरीकडे झुकलेला काटकुळा माणूस, अंगात खाकी शर्ट, हातात घमेलं.

"काय शिजून राहिलं?"

"भाजी, काका. तुमच्याच प्लॉटातली," मी कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणालो. "वाटीभर तुम्हालाही देतो."

ते आत आले, गॅस बंद केला, सांडशीनं कढई उचलली.

"कोणी खाल्ली?"

"मी नुसतं मीठ पाहिलं जी," बायको म्हणाली.

"थुक माय. जाय, चूळ भर. तीनदा."

तिनं तीनदा चूळ भरली. ते पाणीसुद्धा काकांनी बादलीत धरलं आणि बादली, कढई, टॉवेल आणि फोडणीचा वास असं सगळं घेऊन निघून गेले. संध्याकाळी त्यांनी झुणका-भाकरीचं ताट पाठवलं. ताटाला सुतळीनं पत्र्याची एक पट्टी बांधलेली होती. तिच्यावर खिळ्यानं ठोकून अक्षरं काढली होती: झुणका. खावा.

कढई परत आली नाही. दुसऱ्या दिवशी ती काकांच्या ओसरीत खिळ्याला टांगलेली दिसली. तिलाही पट्टी होती: कढई. स्वयंपाकास वापरू नये.

"दहादा घासली तरी चालणार नाही का?" बायकोनं विचारलं.

"चालन बी," काका म्हणाले. "पण मले झोप लागणार नाही."

झोप कुणाची जावी याबद्दल माझ्या बायकोचं मत वेगळं होतं. पण ती नवी होती.

त्या प्लॉटाची गोष्ट आम्हाला मग हळूहळू कळली. तिथं आधी बारा वर्षं एक माणूस जुन्या बॅटऱ्या फोडत असे. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या. आतलं शिसं काढायचं, भट्टीवर वितळवायचं, विकायचं आणि उरलेलं अ‍ॅसिड तिथंच मातीत ओतायचं. एक दिवस तो टिनाचं शेड उचलून निघून गेला. शेड तेवढं नेलं, बाकी सगळं मातीतच ठेवून गेला. प्लॉटाच्या एका बाजूला आमचं घर, दुसऱ्या बाजूला वस्तीतली पोरं खेळायची ती मोकळी जागा.

काका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, पोरांनी सांडलेलं पुसायचं. प्रोफेसर मंडळी शिकवून निवृत्त झाली आणि शिकलेलं विसरली. हा माणूस नुसता ऐकत होता, त्याच्या मात्र सगळं लक्षात राहिलं. काही झाडं मातीतले धातू मुळांनी ओढून पानांत नेतात, हे त्यांनी कुठल्याशा तासाला दाराशी उभं राहून ऐकलं होतं. त्यांनी जुन्या ओळखीवर माती तपासून घेतली. मग हिवाळ्यात मोहरी, उन्हाळ्यात सूर्यफूल. वाढवायचं, फुलायच्या सुमारास मुळासकट उपटायचं, वाळवायचं, आतून प्लास्टिक लावलेल्या पोत्यात दाबून भरायचं आणि पोत्याला पट्टी बांधायची: मोहरी. खाऊ नये. गुरांना देऊ नये. जाळू नये.

"किती वर्षं चालणार हे, काका?"

"पंधरा. वीस. मी नसीन तवा. मोहरी असन."

वस्तीत त्यांना वेडं समजत. समजण्यासारखं पुष्कळ होतंही. प्लॉटातल्या चपला वेगळ्या, ओसरीतल्या वेगळ्या, घरातल्या वेगळ्या. पाहुणा आला की त्याला तिन्हीतून पार करत. घरात प्रत्येक वस्तूला पट्टी. मीठ, खाण्याचे. पाणी, गाळलेले. तुळशीलासुद्धा: ही चालते. एकदा शेजारणीची बकरी कुंपणातून आत शिरली आणि सूर्यफूल तोंडात धरून पळाली, तर हा माणूस भर दुपारी रस्त्यानं तिच्यामागे. पानटपरीवरची मंडळी टाळ्या वाजवत होती. बकरीच्या तोंडातून अर्धं फूल त्यांनी काढलं, आणि उरलेलं अर्धं तिच्या पोटात गेलं म्हणून पुढचे पंधरा दिवस त्या बकरीचं दूध रोज स्वतः विकत घेतलं आणि कॅनमध्ये साठवलं. कॅनला पट्टी. शेजारीण खूश होती. "म्हाताऱ्यानं अजून एक फूल चारावं बाप्पा," असं ती नळावर म्हणे.

मी पण हसत असे. मी कुठं शहाणा होतो. मला त्या माणसाची खरी अडचण कळायलाच दोन वर्षं लागली. अडचण मोहरी वाढवण्याची नव्हती, मोहरी कोणीही वाढवील. उपटल्यावर ती ठेवायची कुठं?

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "जहर मरत नाही, बाबू. जागा बदलते." मी कारकून, म्हणून मला बाबू. मातीतलं शिसं पानात आलं, म्हणजे माती सुटली, पण पान अडकलं. जाळलं तर धुरात आणि राखेत. कुजवलं तर पुन्हा मातीत. म्हणून पोती. त्यांची बैठकीची खोली पोत्यांनी छतापर्यंत भरली होती आणि स्वतः ते स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण टाकून झोपत. ही पोती कुणीतरी अधिकारानं, नीट, जिथं असल्या वस्तू ठेवतात तिथं नेऊन ठेवावीत, एवढंच त्या माणसाचं सरकारकडे मागणं होतं. अनुदान नको, सत्कार नको, पोती न्या.

त्यासाठी त्यांनी किती अर्ज केले ते मला ठाऊक आहे, कारण ज्या कार्यालयात ते अर्ज यायचे तिथल्या आवक-जावक टेबलावर मीच बसत होतो. आरोग्यवाले लिहीत, हा विषय घनकचऱ्याचा आहे. घनकचरावाले लिहीत, हा कचरा नसून शेतमाल आहे. एकानं तर अर्जावर शेरा मारला होता, "अर्जदाराने मोहरी बाजार समितीत न्यावी." मी तो शेरा वाचून काकांना दाखवला नाही. एवढं तरी बरं केलं.

दूर एके ठिकाणी कारखान्यांचा घातक कचरा घेतात असं कळलं, तेव्हा काका एसटीनं तिथं गेले, मांडीवर नमुन्याचं एक पोतं घेऊन. परत आले ते पोत्यासकटच. ओसरीत बसून त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं.

"थो म्हणे, आमी फक्त कारखान्याचा माल घेतो. तुमचा कारखाना कशाचा? म्या म्हटलं, मोहरीचा. थो म्हणे परवाना आणा. म्हटलं, बाप्पा, जहर टाकणाऱ्याले बारा वर्सं कोणी परवाना मागितला नाही. मी उचलून राहिलो, तं मलेच मागता?"

"मग काय म्हणाला?"

"म्हणे नियम आहे."

आजही हे लिहिताना माझे कान तापतात. बॅटऱ्या फोडणारा दिवसाढवळ्या धूर काढत होता, तेव्हा एकही साहेब जीपमधून उतरला नाही. आणि हा म्हातारा आपल्या हातानं, एकेक रोप उपटून ते शिसं गोळा करतो, तर त्याला चार खिडक्या, चार नमुने, आधार कार्डाची छायाप्रत. पण कान तापले म्हणून मी मोठा कोणी नाही. तापल्या कानांनी मी काय केलं तेही सांगायला हवं.

काकांचा शेवटचा अर्ज सात पानी होता. विषय: शिसे शोषलेल्या वनस्पतींच्या पोत्यांची शास्त्रोक्त विल्हेवाट लावणेबाबत. आरोग्याला पाठवला असता तर आठवड्यात माझ्याकडे परत आला असता. घनकचऱ्याला पाठवला असता तरी तेच. फक्त उद्यान विभागाचं टेबल असं होतं की तिथून कागद कधी परत येत नसे. मार्च महिना होता, टेबलावर ढीग होता. विषयात 'वनस्पती' हा शब्द होता. मी तेवढाच वाचला आणि शिक्का मारला: उद्यान विभाग, योग्य कार्यवाहीसाठी.

बारा दिवसांत ट्रक आला.

काकांना इतकं आनंदलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पोती उचलणाऱ्या प्रत्येक मजुराच्या नाकाला त्यांनी स्वतः रुमाल बांधला, सगळ्यांना चहा पाजला. ड्रायव्हरला विचारलं, "कुठी नेता?" तो म्हणाला, "योग्य जागी." संध्याकाळी काका आमच्याकडे पेढ्यांचा पुडा घेऊन आले. त्याला पट्टी होती: पेढे. खावेत.

"बाबू, तुह्या शिक्क्यानं काम झालं," ते म्हणाले. मी दोन पेढे खाल्ले.

पुढं पावसाळा गेला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलीला घेऊन एका बागेत गेलो. मुलगी तेव्हा चार वर्षांची. बागेत नवे वाफे केले होते, झेंडू फुललेला, आणि शेजारी फलक: या बागेत शहरातील वाळलेल्या पाल्यापासून बनवलेले सेंद्रिय खत वापरले आहे. मी फलकाचं कौतुक करत होतो. बायको भेळेच्या गाडीपाशी होती. मुलगी वाफ्यात बसून मातीच्या पोळ्या लाटत होती. तिनं मातीतून काहीतरी उकरलं आणि माझ्यासमोर धरलं.

"बाबा, हे बघा, आजोबांचं."

पत्र्याची पट्टी होती. खिळ्यानं ठोकलेली अक्षरं जशीच्या तशी. तिला वाचता येत नव्हतं, पण असल्या पट्ट्या तिनं जन्मापासून पाहिल्या होत्या. मला वाचता येत होतं. मोहरी. खाऊ नये.

मी तिला उचलून नळावर नेलं. बायकोनं तिला तीनदा चूळ भरायला लावली. मी न सांगता, तीनदा. पुढं डॉक्टरांनी रक्त तपासून काळजीचं काही नाही म्हणून सांगितलं, पण ते सांगेपर्यंत जे चार दिवस गेले ते मी कुणाला वर्णन करून सांगत नाही. इतर पोरांचं कुणी तपासलं नाही. त्यांच्या वडिलांना पट्टी सापडली नव्हती.

मी पट्टी घेऊन काकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. शिक्क्याचंही. ते शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते पट्टीवरची माती नखानं काढत बसले.

"त्या बॅटरीवाल्याले जागा म्याच देल्ली होती," ते म्हणाले. "बारा वर्सं भाडं घेतलं. आत काय करते, एकदा बी इचारलं नाही. तू तरी सांगाले आला."

दुसऱ्या दिवशी ते साहेबांपुढे उभे होते, आणि फाइल आणण्याच्या निमित्तानं मी दाराशी. साहेब गोड बोलणारे होते.

"काका, तुमच्यासारखे जागरूक नागरिक पाहिजेत. पण ते खत आहे हो, सेंद्रिय."

"साहेब, त्यात शिसं आहे. वाफ्यातली माती काढा."

"काढू. पण काढून टाकू कुठं?"

"हेच तं मी सहा वर्सांपासून तुमाले इचारून राहिलो."

साहेबांनी घंटी वाजवली आणि चहा मागवला. चहा आला, माती तिथंच राहिली.

महिन्याभरात काकांच्या नावे एक प्रमाणपत्र मात्र निघालं. सेंद्रिय खतासाठी भरघोस पाला दिल्याबद्दल 'हरित मित्र'. त्याचा जावक क्रमांक मीच टाकला, तो माझ्या नोकरीचाच भाग होता. काकांनी ते फ्रेम करून ओसरीत कढईशेजारी टांगलं आणि खाली पट्टी लावली: प्रमाणपत्र. खाऊ नये.

मग त्यांनी बागेत जायला सुरुवात केली. रोज सकाळी सहाला, कापडी पिशवी घेऊन. आपल्याकडे सकाळी फिरायला जाणारी सज्जन माणसं बागेतून फुलं खुडून आणतात. काका माती आणू लागले. वाफ्यातली, वरची वीतभर, पिशवी भरून. चौथ्या दिवशी माझ्या बायकोनं भाजीची मोठी पिशवी घेतली आणि त्यांच्यासोबत निघाली. पाचव्या दिवशी मीही निघालो, कारण घरी बसून पेपर वाचणं शोभेना.

चौकीदार आम्हाला ओळखू लागला. त्याला वाटे आम्ही खत चोरतो.

"कुंड्यांसाठी नेता का, वहिनी?"

"हो," बायको म्हणे.

"मंग इकडलं न्या न. हे जास्त चांगलं आहे," असं म्हणून तो आम्हाला दुसरा वाफा दाखवी. एरवी शोधावं लागलं असतं ते त्या भल्या माणसानं दाखवून दिलं. सात-आठ महिने आम्ही ती माती वाहिली. सगळी आली असं मी म्हणणार नाही. जेवढी आली तेवढी काकांनी प्लॉटात पसरली आणि वर पुन्हा मोहरी टाकली. सहा वर्षं उपटलेलं त्यांनी परत पेरायला घेतलं. त्या दिवशी त्यांना वाकलेलं पाहून मला माझ्या टेबलाची, शिक्क्याची, शाईच्या पॅडचीसुद्धा किळस आली. नोकरी मात्र सोडली नाही. सोडीन असं घरी दोनदा म्हणालो होतो. बायकोनं दोन्ही वेळा विचारलं, कांदा चिरता का.

पुढं माझी बदली अकोल्याला झाली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, मुलगी मोठी झाली, आता ती कॉलेजात जाते. काकांकडे वर्षातून एकदा जातो. ऐंशी पार केली तरी मोहरी चालू आहे. माती दरवर्षी तपासतात, आकडा थोडा खाली येतो, तो कागद ते आम्हाला लग्नाच्या फोटोसारखा दाखवतात. बैठकीची खोली पुन्हा भरत आली आहे. अजून कुठलं कार्यालय ती पोती नेत नाही.

परवा त्यांचा फोन आला.

"बाबू, एक अर्ज आहे. यावेळी तोंडीच करतो."

"बोला, काका."

"मले आता खाली झोपून उठता येत नाही. पोरगा पुण्याहून येऊन राहतो म्हणते, बायको-लेकरं घेऊन. पण थो म्हणते, घरात एक तं पोते राहतीन नाही तं आमी. थो प्लॉटात मोहरी टाकाले कबूल आहे. पोत्याचं तेवढं पाहायचं आहे. बाकीचे प्लॉटात टिनाखाली ठेवीन, बारा उरतात. महापालिकेले देत नाही. तुले इचारून राहिलो."

माझ्या तोंडून काय निघालं ते ऐका. मी म्हणालो, "बघतो काका. विचारून कळवतो."

फोन ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. सोबत हेही सांगितलं की आपला फ्लॅट आहे, वस्ती दाट, सोसायटीचा सेक्रेटरी कुंडी ठेवली तरी नोटीस लावतो, लिफ्ट छोटी, अकोल्याचं ऊन, शिवाय असली वस्तू खासगी घरात ठेवता येते की नाही हे एकदा संबंधितांना लेखी विचारलेलं बरं. मी बराच वेळ बोललो असेन. ती मधेच उठून गॅलरीत गेली होती. हातातली शिवणाची टेप गुंडाळत परत आली.

"बारा बसतात," ती म्हणाली. "कपड्याचे दोर वर घ्या. कढई बी मागून घ्या, थे सगळ्यात वर ठेवू. काकाले फोन करून सांगा, रविवारी येतो म्हणा. अन् पट्ट्या त्यायच्याच राहू द्या. तुमचा शिक्का नोको."